दोन-चारचा हात

कौसर सिस्टर आधी हात धरते. बीपीचं मशीन नंतर.

गुरुवार असतो. उपकेंद्राच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली. सतरंजीवर बाया, कुणाला सहावा महिना, कुणाला नववा. आत लाकडी टेबल आणि टेबलामागे कौसर, पांढऱ्या ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं. समोरच्या खुर्चीच्या काठावर डिंपल नावाची एकोणीस वर्षांची पहिलटकरीण कशीबशी टेकलेली असते.

"दे हात."

डिंपल बाही वर सरकवायला लागते.

"बाही नाही व. पंजा दे पंजा."

कौसर तिचा पंजा दोन्ही हातांत घेते. अंगठ्याच्या मुळाशी दाबते. पाची बोटं चिमटीत गोळा करून बघते. मग मनगटावरच्या हिरव्या बांगड्या एकेक करून गोल फिरवते. परक्या माणसाला वाटावं, ही बाई आता बांगड्या भरायला बसली.

"कोनं भरल्या?"

"आमच्या तिकडच्या कासारनीनं. डोहाळजेवनाले."

"तवा अशाच फिरत होत्या?"

"हाव."

"सकाळी उठल्यावर रुतत नाहीत ना? डोकं दुखते?"

"सासू बोलली का दुखते."

ओट्यावर हशा पिकतो. "माय माय, मंग तर आमचं सगळ्याइचंच दुखते!" असं कुणीतरी बाहेरून ओरडतं.

"सासू मोजाचं मशीन सरकारनं अजून देल्लं नाही," कौसर चेहरा न हलवता म्हणते. "पट्टा बांधू दे."

मशीन जो आकडा दाखवतं तो ती लिहिते. सेल संपले असतील, पट्टा फाटला असेल, तर त्या रकान्यात लाल शाईनं लिहिते, 'मोजला नाही'. आणि दुसऱ्या दिवशी मशीन मागून आणून त्या बाईच्या घरी जाते. तालुक्याच्या बैठकीत यावरून तिची दर महिन्याला उलटतपासणी होते.

"सिस्टर, मोबाईलमध्ये 'मोजला नाही' असं भरताच येत नाही. रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे सरकत नाही."

"मग नका सरकवू साहेब. उद्या मोजून भरते."

"एका रकान्यापायी परत आठ किलोमीटर जाणार तुम्ही?"

"हो."

"बाकीच्या सिस्टर कशा भरतात मग?"

बाकीच्या सिस्टर काय करतात ते तिला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तीही तेच करायची.

कौसर लोणारची. मणियाराची पोर. वडील लवकर गेले, आणि आईनं, नूरजहांनं, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली. एसटीनं बीबी गावाला उतरायचं, तिथून आतल्या गावांना पायी. लहानगी कौसर आईच्या पदराला नाही, टोपलीखालच्या फडक्याला धरून चालायची. नूरजहांला वाचता येत नव्हतं. पण हात वाचता यायचा. बाई समोर बसली की तिच्या हाताकडे बघायचंसुद्धा नाही. धरायचा, एकदा दाबायचा, आणि बांगडीचं माप सांगायचं: दोन-चार. किंवा दोन-सहा. किंवा, "बाई, तुमचा हात आता अडीचचा झाला, राग नका धरू."

"डोळे धोका देतात," ती लेकीला शिकवायची. "गोरा हात लहान दिसते, काळा मोठा दिसते. हात धरला का खोटं बोलत नाही."

आणि एक गोष्ट तिच्यापुढे चालायची नाही. बांगडी फुटली असं कुणी म्हटलेलं. "वाढली म्हणा बाई, वाढली. काचेला पण कान असतात."

माळखेडीत तिचं फडकं गोजरबाईच्या ओट्यावर पसरायचं. गोजरबाईची सारिका कौसरपेक्षा तीन वर्षांनी लहान. आया भाव करत बसायच्या, तेवढ्या वेळात या दोघी वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे गोळा करायच्या, चिमणीच्या ज्योतीवर धरून वाकवायच्या आणि एकात एक अडकवून साखळी करायच्या. तुकडा वाकवण्याचं काम कौसरचं. अडकवायचं सारिकाचं. सारिकाची बोटं भाजायची, पण ती हात मागे घ्यायची नाही. नूरजहां म्हणायची, "ह्या पोरीचा हात दोन-चारच्या वर जाणार नाही. लिहून घ्या. बांगडी अशी जाते की घातली ते कळत नाही." मग स्वतःच्या लेकीचा पंजा उलटा करून बघायची. "हा दोन-सहाचा. कामाचा हात आहे."

कामाचाच निघाला. कौसर नर्सिंग शिकली, आणि नेमणूक आली ती माळखेडीच्या उपकेंद्रात. पहिल्या दिवशी कुलूप उघडायला गेली तर पायरीवर सारिका बसलेली.

"काय व सिस्टर, किती उशीर? पेशंट मरून जाईन ना."

"काय होते तुले?"

"काही नाही. तुले पाहाले आली."

पुढची पाच वर्षं दुपारची वेळ त्या दोघींची. नोंदवह्या कौसर भरायची आणि सारिका टेबलावर पाय हलवत बसून गावाची बातमीपत्रं वाचून दाखवायची. ईदला शिरखुर्म्याची पहिली वाटी तिची. तिचं लग्न नांदुऱ्याच्या जीवनशी झालं, तेव्हा चुडा नूरजहांनं भरला. मांडवात सारिका नवऱ्याला सोडून कौसरकडे बघून रडली, आणि गोजरबाईनं तिला चिमटा काढला, "अवं, लोकं काय म्हनतीन!"

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. सासरी सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, आणि आठवा लागताच सारिका माहेरी आली. आठ दिवसांनंतरचा गुरुवार होता. ओट्यावर बेचाळीस बाया, वर लसीकरणाची पोरं कोकलत होती. बीपीच्या मशीनचा रबरी फुगा तीन आठवड्यांपासून फाटलेला. कौसरनं त्याबद्दल दोन पत्रं पाठवली होती. मशीन येईपर्यंत सगळ्यांच्या कार्डावर ती जे सगळीकडे लिहितात ते लिहीत होती. एकशे वीस, ऐंशी. हा आकडा कुणाला प्रश्न विचारत नाही.

सारिका आली ती रांग मोडून. बायांनी आरडाओरडा केला, तर म्हणाली, "मी पेशंट नाही, मी घरची हाव."

कौसरनं सवयीनं तिचा हात धरला. बांगड्या फिरवून बघितल्या. फिरल्या नाहीत.

"काय व, दोन-चारचा हात कुठं गेला?"

"आईचं तूप! येऊन आठ दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ तूप. अंगाले लागलं."

"लय लागलं."

दोघी हसल्या. खूप हसल्या. बाहेरच्या बायांना काय झालं ते कळेना.

"बीपी?" कौसर कार्ड उघडत म्हणाली. "फुगा तर फाटेल हाय. सोमवारी बीबीहून मशीन आनते, तवा..."

"लिव ना काही बी. मी ठणठणीत हाव. त्या बाया पाह्य किती ताटकळल्या."

कौसरनं लिहिलं. एकशे वीस, ऐंशी.

सोमवारी कौसरचं बीबीला जाणं झालं नाही. मंगळवारी सकाळी दहा वाजता सारिकाला स्वयंपाकघरात झटके आले. कौसर धावत पोचली. तिनं सारिकाला कुशीवर वळवलं, जीभ चावली जाऊ नये म्हणून धडपडली, गाडी बोलावली. गाडीत सलाईनची सुई लावायला मनगट मोकळं हवं होतं, आणि सुजलेल्या हातावर चुडा असा रुतला होता की निघेना. गाडीतल्या माणसानं कात्री मागितली, मग ती बाजूला ठेवली आणि बांगड्या फोडल्या. दोन्ही हातांच्या. गोजरबाई लेकीला झटके येताना रडली नव्हती, ती तेव्हा किंचाळली. "फोडू नका! चुडा हाय तिचा, फोडू नका!"

त्या दिवशी कुणीच 'वाढल्या' म्हटलं नाही.

सारिका वाचली. पोटातला मुलगा नाही.

दुसऱ्या दिवशी कौसरनं बीबीहून मशीन आणलं आणि राहिलेल्या एक्केचाळीस बायांच्या घरी जाऊन प्रत्येकीचा बीपी मोजला. त्यात आणखी एक सापडली, जिचा आकडा दीडशेच्या वर होता. तिला त्याच दिवशी पाठवलं.

पंधरा दिवसांनी तालुक्याला बैठक. फाईल उघडली गेली, सारिकाचं कार्ड टेबलावर आलं. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला.

"पाच दिवस आधी एकशे वीस-ऐंशी. म्हणजे सगळं ठीक होतं. मग अचानक झालं. होतं असं कधीकधी. सिस्टरांचा दोष दिसत नाही. सही करा सिस्टर."

कौसर उठून उभी राहिली. पेन उघडलं नाही.

"साहेब, ते एकशे वीस मी मोजलेलं नाही."

"म्हणजे?"

"मशीन बंद होतं. मी लिहून टाकलं."

शेजारच्या सिस्टरनं तिची ओढणी खाली ओढली. "खाली बस. बस म्हणते ना."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "हे मला कागदावर घ्यावं लागेल. त्या आकड्यानं तुम्हाला वाचवलंय."

"म्हणूनच साहेब," कौसर म्हणाली आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला. "मी लिहून आणलंय."

सेवापुस्तकात लाल शेरा पडला. नोकरी राहिली, गावही तेच राहिलं. कौसरला मात्र साहेबांची परीक्षा मोठी वाटली नव्हती. खरी परीक्षा गोजरबाईच्या घरी होती.

सारिका माजघरात खाटेवर बसली होती. मनगटं उघडी, काचेनं कापल्याच्या बारीक खपल्या. कौसर दाराच्या चौकटीशी थांबली.

"मी तुझा बीपी मोजला नव्हता, सारिका."

"मले माहीत हाय. मी समोरच होती ना."

"तरी मले सांगायचं होतं."

"मीच म्हनलं होतं, लिव." सारिका खपलीवरून बोट फिरवत होती. तिनं मान वर केली नाही. "मी म्हनलं. पन तू काऊन आयकलं? मी का नर्स होती?"

गोजरबाईनं आतून येऊन दार लोटलं. जोरात नाही. हळूच.

त्या दिवशी कौसर लोणारला गेली तेव्हा नूरजहां दुकानात काचेच्या पेट्या पुसत होती. आता टोपली नव्हती, बसस्टँडजवळ छोटं दुकान होतं. लेकीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं फडकं खाली ठेवलं आणि घरच्या बोलीत एवढंच विचारलं:

"हात पकडी थी ना उसका?"

"पकडी थी, अम्मी."

"फिर?"

त्यानंतर सारिका नांदुऱ्याला गेली ती गेली. माहेरी यायची, पण दिवाळीला, दोन दिवस, आणि उपकेंद्राच्या रस्त्यानं नाही. गोजरबाईनं गावभर सांगून ठेवलं होतं, त्या सिस्टरचा पाय आमच्या दारात नको. कौसर नांदुऱ्याच्या रेल्वेचा आवाज कधी ऐकू न येणाऱ्या या गावात बसून नांदुऱ्याचा विचार करायची. तिथं आता ऊन पडलं असेल. ती जेवली असेल. दुपारी नोंदवही भरताना टेबलाच्या त्या कोपऱ्यावर वस्तू ठेवायची नाही, अशी सवय तिला लागली होती, तिथं सारिका बसायची. नवीन शिपाईणबाईनं एकदा तिथं औषधांचा खोका ठेवला, तर कौसर इतकी चिडली की दोघींनाही नवल वाटलं.

ईदला ती एक वाटी जास्त काढायची. मग स्वतःच खायची.

ती बोलणं घोकायची. शिव्या खाण्याचं बोलणंसुद्धा. सारिका येईल, म्हणेल, तू असं केलं, तू तसं केलं. ती म्हणेल, हो. तेवढंही चाललं असतं. पण सहा वर्षांत एक शब्द आला नाही.

या वर्षी जानेवारीत, तुरी निघाल्या त्या आठवड्यात, आशाताई वंदना धापा टाकत आत आली. वंदना म्हणजे गावाची चालती सनई, घरात पाळणा हलायच्या आधी तिला कळतं.

"सिस्टर. सारिका आली माहेराले. आठवा लागला तिले."

कौसर एका पोराला लस देत होती. तिनं सुई पूर्ण टोचली, कापूस दाबला, पोराच्या आईला सांगितलं की दाबून धर. मग वळली.

"कधी आली?"

"चार दिवस झाले. पन तुमच्याकडं येनार नाही म्हने. गोजरकाकू म्हनत होती, सोमवारी खाजगीत नेऊ."

"बरोबर आहे. तिची मर्जी." कौसरनं हात धुतले. फार वेळ धुतले. "शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरला फोन लाव. म्हणावं, जरा जाऊन बघून या."

"लावला. त्या ट्रेनिंगले गेल्या. सोमवारीच येतीन."

"आज गुरुवार."

"हाव."

"तू पाह्यलं तिले? कशी दिसते?"

"पायावर सूज हाय. ते तर सगळ्याइलेच असते. डोकं धरून बसली होती, सर्दी झाली म्हने."

"हातात काय हाय?"

"काय असन? डोहाळजेवन केलंच नाही म्हने औंदा. एकेक काचेची बांगडी हाय, हिरवी."

"फिरत होती?"

"कोन?"

"बांगडी व. मनगटावर फिरत होती का?"

वंदनानं कपाळाला हात लावला. "सिस्टर, मी काय मणियार हाव?"

कौसर ओट्यावर आली. सव्वीस बाया होत्या. ती म्हणाली, "अर्धा तास. कोनी उठून जायचं नाही. सगळ्याइचं मोजीन." आणि मशीन, पट्टी, कार्डांचा पेन पिशवीत टाकून निघाली. तिच्या मनात फार गोंधळ होता असं कुणाला वाटेल. रस्त्यात तिनं वंदनाला एवढंच सांगितलं: "मैत्रीण म्हनून निंगाली असती तर दारावरूनच वापस आली असती. मी ड्युटीवर हाव."

गोजरबाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"कायले आली?"

"बीपी मोजाले, काकू."

"मोजाले आली का लिवाले?"

वंदनानं श्वास ओढला. कौसर पायरीखालीच उभी होती.

"मोजाले. लिवाचं तुमी. पेन आनला."

सूप थांबलं. आतून आवाज आला, सर्दीनं नाही, पण जड झालेला.

"येऊ दे, आई."

सारिका त्याच माजघरात होती. चेहरा भरलेला, डोळ्यांखाली फुगीर. सहा वर्षं घोकलेलं सगळं बोलणं कौसरनं बाजूला ठेवलं. तिनं मशीन काढलं. पट्टा बांधला. म्हणाली, "बोलायचं नाही आता. पाय खाली टेकव." बटण दाबलं. मशीनचा घुरघुर आवाज झाला, थांबला. तिनं पडदा सारिकाकडे वळवला.

"वाच."

"एकशे अडतीस. खाली अठ्ठ्याऐंशी."

"लिव."

सारिकानं पेन घेतला. नांदुऱ्याहून आणलेल्या कार्डावर तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिला, शाळेतल्या मुलीसारखा गोल-गोल.

"मंग?" ती म्हणाली. "चाळीसच्या आतच हाय ना? तिकडच्या डॉक्टरीनबाईनं सांगितलं, एकशे चाळीसच्या वर गेलं का या."

कौसरनं कार्डाची मागची पानं उलटली. "हे पाह्य. सप्टेंबर, एकशे सहा. नोव्हेंबर, एकशे दहा. डिसेंबर, एकशे चोवीस. आता अडतीस. नुसता आजचा आकडा नाही पाह्याचा. चढ पाह्याचा. डोकं कवापासून दुखते?"

"परवापासून."

"डोळ्यापुढं चमकते?"

सारिकानं मान हलवली. हो.

"लघवी तपासाची हाय. ह्या डब्बीत दे."

डबीत बुडवलेली पिवळी पट्टी हिरवट झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. कौसरनं तीही तिला दाखवली. मग म्हणाली, "आता हात दे."

सारिकाचा हात मांडीवर, साडीच्या घडीत होता. बाहेर सूप पुन्हा सुरू झालं नव्हतं. वंदना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. सारिकानं हात पुढे केला.

कौसरनं दाबलं. बोटाचा खळगा पडला आणि तसाच राहिला. बांगडी फिरली नाही.

"कवा भरली?"

"पंधरा दिवस झाले."

"दोन-चार?"

"दोन-सहा घेतली. म्हनलं, औंदा ढिलीच बरी."

कौसरनं तो हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. नवीन पोरगा होता, दीड वर्षांपूर्वी आलेला. तिनं आकडे सांगितले, पट्टी सांगितली, डोकं, डोळे, सूज.

"एकशे चाळीसच्या खाली आहे ना सिस्टर? गोळी..."

"सर, पहिल्या वेळी हिला झटके आले होते. बाळ गेलं. माझ्याच हाताखाली."

"अहो मग विचारताय काय? पाठवा. मी जिल्ह्याला फोन करतो."

गाडीला यायला पंचवीस मिनिटं होती. गोजरबाई आत आली, लेकीकडे बघितलं, मग तिच्या मनगटांकडे.

"सुई लावतीन का? परत फोडतीन का?"

"नाही काकू. साबन आना. आन् बाळंतपनाची पिशवी भरा, हिचं कार्ड वर ठेवा."

कौसरनं सारिकाचा हात कोपरातून उभा धरला, वर, खांद्याच्याही वर. सूज थोडी उतरू द्यायची असते. आईनं शिकवलं होतं, उन्हाळ्यात हात फुगलेल्या बायांसाठी. अशा दोघी बसून राहिल्या. पाच मिनिटं एक हात, पाच मिनिटं दुसरा. सहा वर्षांत एवढा वेळ त्या जवळ बसल्या नव्हत्या.

"तू आता सगळ्याइलेच लिवू देते का?" सारिकानं विचारलं.

"नाही. तुलेच."

साबणाचा फेस झाला. कौसरनं अंगठा तळहातात दुमडला, करंगळीकडून मांस मागे सारलं, आणि बांगडी कणाकणानं वर आणली. सारिकानं डोळे मिटले होते. हाडाच्या उंचवट्यावर बांगडी अडली. गोजरबाई पुटपुटायला लागली. कौसरनं घाई केली नाही. तिनं श्वास सोडला, सारिकानंही सोडला, आणि बांगडी निघाली. सबंध. मग दुसरी.

गाडी आली. वंदना सोबत चढली. सारिका पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"तू नाही येत?"

कौसरचा हात गाडीच्या दांडीवर होता. तिला जायचं होतं. गाडीत डॉक्टर होता, सलाईन होतं, वंदना होती. ती नसली तरी काही अडणार नव्हतं.

"ओट्यावर सव्वीस बाया बसेल हायेत."

सारिकानं तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, नीट.

"हाव," ती म्हणाली. "मंग तू तिथंच पाह्यजे. मोजून घे त्याइचं."

दार लागलं. गाडी बीबीच्या रस्त्याला लागली, तुरीच्या कापणी झालेल्या शेतांमधून बराच वेळ दिसत राहिली. कौसरच्या मुठीत दोन ओल्या बांगड्या होत्या. त्या रुमालात बांधून ती ओट्यावर परतली. सव्वीसच्या सव्वीस बसून होत्या. एकीनंही विचारलं नाही.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी, बुलढाण्याला, पोट उघडून. एक किलो सातशे ग्रॅम. काचेच्या पेटीत तीन आठवडे होती. वंदना जाऊन-येऊन बातम्या आणायची: आज नळी काढली, आज आईचं दूध प्यायली, आज जीवनभाऊ पेढे वाटत होते पण नर्सनं आत येऊ दिलं नाही.

"बरं केलं," कौसर म्हणायची. आणि मग सहज आठवल्यासारखं: "सारिका काही म्हनली?"

"तुमाले?"

"मले नाही तर कोनाले व."

पहिल्या वेळी वंदना म्हणाली, नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, झोपली होती. तिसऱ्या वेळी, मुलीला घेऊन सारिका बुलढाण्याहून थेट नांदुऱ्याला गेली त्या दिवशी, म्हणाली:

"म्हनली, माह्या बांगड्या सिस्टरपाशी हायेत, राहू द्या म्हना. मी येईन तवा घेईन."

"कवा येते?"

"ते नाही म्हनली."

"माहेराले का इकडं?"

"सिस्टर, मी येवढंच आयकलं. गाडीचा भोंगा वाजून राह्यला होता."

रविवारी कौसर लोणारला गेली. नूरजहां दुकानात बसली होती. आता तिचे डोळे गेल्यात जमा आहेत, पण हात शाबूत. कौसरनं रुमाल सोडून बांगड्या तिच्या तळहातावर ठेवल्या. म्हातारीनं बोट आतून एकदा फिरवलं.

"दोन-सहा. उसकी नहीं है यह. उसका दो-चार है."

"उसकीच है, अम्मी. हात सुजला होता."

"काढली कशी?"

"साबण लावून."

"वाढली नाही?"

"नाही."

नूरजहां बराच वेळ त्या बांगड्या चाचपत राहिली. कुठं चीर आहे का, कुठं टवका उडाला आहे का. मग लेकीचा हात ओढून घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, जसा ती जन्मभर दाबत आली.

"तेरा भी दोन-सहा. तुझ्याच मापाच्या आहेत. घालून टाक. काच पेटीत ठेवायला नसते."

"माझ्या नाहीत अम्मी," कौसर म्हणाली, आणि रुमालाची गाठ पुन्हा बांधली. "ठेवायला दिल्यात."